किनाऱ्यावर थांबलेले कलम

वेंगुर्ले बंदरापासून जवळच डच वखारीचे पडके अवशेष आहेत. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात डच ईस्ट इंडिया कंपनीने ही वखार उघडली, तेव्हा गोव्यातल्या पोर्तुगिजांची समुद्रावर कोंडी करणे हा तिचा एक मोठा हेतू होता. पुढे याच वखारीतून बटाव्हियाला जाणाऱ्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या जात राहिल्या. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्या वेळी डच हे या किनाऱ्याचे जुने शेजारी होते. महाराजांनाही डच माणूस नवा नव्हता. तो काय विकतो, काय विकत घेतो आणि कोणत्या वाऱ्यावर गलबत हाकारतो, हे कोकणच्या बंदरांतून कळण्यासारखे होते.

ही ओळख ध्यानात ठेवून एका कागदाकडे वळायचे आहे. तो कागद या किनाऱ्यावरचा नाही. तो पूर्व किनाऱ्यावर, तमिळ मुलखात झाला. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर होते. जिंजी हाती आली होती, शेरखान लोदीचा पराभव झाला होता आणि कडलूरच्या आसपासचा, विजापूरच्या अमलाखालचा मुलूख मराठ्यांकडे आला होता. तेगनापट्टणम आणि पोर्टो नोव्हो येथे डचांच्या वखारी होत्या. नव्या धन्याकडून जुन्या सवलती कायम करून घेणे त्यांना भाग होते. त्या वाटाघाटींतून ऑगस्ट १६७७ मध्ये जो कौल मिळाला, त्याचा मजकूर डच भाषेत उपलब्ध आहे. डच कंपनीने पूर्वेकडील राज्यांशी केलेल्या करारांचा जो मोठा संग्रह छापला गेला, त्याच्या १९३४ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडात तो आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी त्याच दशकात डच कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर वापरून शिवचरित्र लिहिले आणि या साधनांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या कौलात एक कलम गुलामांच्या खरेदीविषयी आहे. त्याचा आशय असा : आधीच्या मुसलमानी अमलात तुम्हाला या मुलखात पुरुष आणि बायका गुलाम म्हणून विकत घेण्याची व बाहेर नेण्याची मुभा होती आणि कोणी अडवत नव्हते, मात्र मी या मुलखाचा धनी आहे तोवर तुम्ही गुलाम, मग तो पुरुष असो वा स्त्री, विकत घेऊ नये आणि नेऊही नये, तसे करून त्यांना जहाजावर चढवू पाहाल तर माझी माणसे सर्व प्रकारे अडवतील आणि त्या माणसांना पुन्हा तुमच्या वखारीतही नेऊ देणार नाहीत.

या कलमाविषयी मराठीत दोन प्रकारे बोलले जाते. एक पक्ष ते जगातल्या गुलामगिरीविरोधी कायद्यांच्या अग्रभागी नेऊन बसवतो आणि विल्बरफोर्स, लिंकन यांच्या आधी दीडदोनशे वर्षे महाराजांनी गुलामगिरी बंद केली, असे सांगतो. दुसरा पक्ष म्हणतो की हा व्यापारी सवलतींचा कागद आहे. जकातीच्या कलमांत एक कलम हेही. पहिल्या वाचनात कलम फार मोठे होते, दुसऱ्यात फार लहान. दोन्ही वाचनांत खुद्द कलम मात्र वाचले जात नाही. ते शब्दशः वाचले तर त्याची थोरवी आणि त्याची मर्यादा एकाच जागी सापडतात, आणि ती जागा म्हणजे किनारा. हे या लेखाचे म्हणणे आहे.

१

आधी तो व्यापार काय होता हे पाहिले पाहिजे. गुलामांचा व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि अमेरिकेतले उसाचे वा कापसाचे मळे येतात. हिंदी महासागरातला व्यापार मात्र शाळेच्या पुस्तकांतून निसटून गेला. सतराव्या शतकात डच कंपनीला सिलोनमध्ये शेतीसाठी, बटाव्हियात बांधकामासाठी आणि घरकामासाठी, मसाल्याच्या बेटांवर बागांसाठी आणि १६५२ नंतर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपच्या वसाहतीसाठी माणसे हवी होती. ती तिने आराकान, बंगाल, मलबार आणि चोळमंडळ येथून उचलली. केपच्या जुन्या दप्तरांत गुलामांची जी नावे आढळतात, त्यांत पहिले नाव धन्याने ठेवलेले आणि पुढे मुलखाचा शिक्का असे : अमुक बंगालची, तमुक कोरोमांडेलचा. आईबापांनी ठेवलेले नाव त्या नोंदीत उरत नाही.

हा व्यापार वर्षभर सारख्या गतीने चालणारा नव्हता. दुष्काळ आणि लढाई आली की तो भरतीला येई. १६५९ ते १६६१ या काळात विजापूरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख तुडवला, अन्न महाग झाले आणि कंपनीने नागपट्टणम, पुलिकत वगैरे ठिकाणी सुमारे ८ ते १० हजार माणसे विकत घेतली. त्यांतली बहुसंख्य सिलोनला गेली, थोडी बटाव्हियाला आणि मलाक्काला. त्या विजापुरी फौजांत मराठे सरदारही होते, हे विसरता येत नाही. पुढची भरती १६७३ ते १६७७ मधली. दक्षिणेत लांबलेला अवर्षणाचा काळ, कराचा बोजा आणि तंजावरसाठी मदुरेकर व मराठे यांच्यात चाललेला झगडा या सगळ्यांनी माणसे हलाखीला आली. एकट्या मदुरेच्या किनाऱ्यावरून या पाच वर्षांत १,८३९ माणसे बाहेर गेल्याची नोंद आहे. तंजावरला तेव्हा व्यंकोजीराजे, म्हणजे महाराजांचे सावत्र बंधू होते.

याचा अर्थ असा की १६७७ चे कलम एखाद्या शांत काळात सुचलेला सद्विचार नाही. व्यापार भरात असताना, त्याच मुलखात, त्याच व्यापाऱ्याला लावलेली ती बंदी आहे. आणि ज्या युद्धांनी माणसे विकाऊ होत होती, त्यांत मराठ्यांचाही हात होता. कर्नाटकाच्या स्वारीत मराठ्यांनी पैसा कसा वसूल केला, याविषयी जेझुइट पाद्र्यांच्या आणि मद्रासच्या इंग्रजांच्या पत्रांत कडवट तक्रारी आहेत. त्या शत्रुपक्षाच्या म्हणून सोडून देणे सोपे आहे; पण कलमाचे वजन जोखायचे तर त्याही पारड्यात घालाव्या लागतात. स्वारीला पैसा हवा असताना, रोख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला एक माल नाकारला गेला, ही गोष्ट त्यामुळेच अधिक उठून दिसते.

२

आता कलमाची रचना पाहू. त्यात चार गोष्टी क्रमाने येतात : पूर्वी काय चालत होते, आता काय चालणार नाही, ते किती काळ, आणि मोडले तर काय होईल.

पहिल्या भागात आधीच्या राजवटीचा उल्लेख आहे. तो केवळ दोष देण्यासाठी नाही. सवलतीच्या कागदात जुना रिवाज हा हक्काचा आधार असतो. व्यापारी नेहमी म्हणतो, पूर्वापार चालत आले आहे. कलमाने तो आधारच आधी नाव घेऊन काढून टाकला. पुढे कोणी रिवाजाचा हवाला देऊ नये, याची ही तजवीज आहे.

दुसऱ्या भागात दोन क्रियापदे आहेत, विकत घेणे आणि नेणे. दोन्ही वेगवेगळी निषिद्ध केली आहेत. नुसती खरेदी मना केली असती तर दुसऱ्याने घेतलेली माणसे डच जहाजाने भाड्यावर नेता आली असती. नुसती वाहतूक मना केली असती तर वखारीत माणसे साठवून जवळच्या, मराठ्यांच्या अमलाबाहेरच्या बंदरातून पाठवता आली असती. स्त्री आणि पुरुष असे दोन्ही शब्द घातले आहेत, कारण या व्यापारात बायका आणि मुले यांची संख्या मोठी असे.

चौथ्या भागात सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. पकडलेली माणसे वखारीत परत नेऊ दिली जाणार नाहीत. हे वाक्य ज्याने घातले त्याला व्यापाराची रीत माहीत होती. गुलाम विकत घेतल्याबरोबर जहाजावर जात नसत. जहाज येईपर्यंत, पुरेशी संख्या भरेपर्यंत, त्यांना वखारीत ठेवले जाई. किनाऱ्यावर अडवलेली माणसे वखारीत परत गेली तर बंदी कागदावर राहते, कारण पुढच्या अमावास्येच्या अंधारात तीच माणसे पुन्हा निघतात. जहाजही नाही आणि वखारही नाही, असे म्हटल्यावर ती माणसे डचांच्या ताब्यातून सुटतात. कलमात मुक्ती असा शब्द नाही, पण या एका अटीचा परिणाम तोच आहे. शिक्षा, दंड, जप्ती यांची भाषाही इथे नाही. अडवतील, हे क्रियापद आहे. जकातीचे कलम मोडले तर दंड होतो. इथे माणूस मधे उभा राहतो. म्हणून याला जकातीच्या कलमांतले एक कलम म्हणता येत नाही.

पण तिसरा भाग, मुदतीचा, तितकाच बोलका आहे. मी धनी आहे तोवर. बंदी माणसाच्या हक्कावर उभी नाही, धन्याच्या सत्तेवर उभी आहे. सत्ता गेली की बंदी गेली. झालेही तसेच. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले. १६८८ मध्ये मोगलांची फौज कर्नाटकात उतरली, दुष्काळ पडला आणि तंजावरच्या मुलखातली माणसे, त्यांत बहुतेक मुली आणि लहान मुलगे, पुन्हा हजारांनी नागपट्टणमच्या बंदरातून आचे, जोहोरकडे गेली. त्या वेळी कोणते कलम आड आले नाही.

आणखी एक गोष्ट कलमात नाही. विकू नये, असे ते कोणालाही सांगत नाही. ते फक्त घेणाऱ्याला उद्देशून आहे, आणि घेणाऱ्यांतही समुद्रापलीकडे नेणाऱ्याला. गावातला सावकार, पाळेगार किंवा खुद्द मराठ्यांचा अंमलदार माणूस ठेवत असेल, त्याच्याविषयी ते मौन आहे.

३

कलमात कारण दिलेले नाही. ते शोधायला महाराजांच्या इतर पत्रांकडे जावे लागते, आणि त्यांतली दोन नेमकी आपल्या मुलखाशी जोडलेली आहेत.

डिसेंबर १६७१ मध्ये कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला मिठाच्या जकातीविषयी पत्र गेले. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते आणि त्यामुळे संगमेश्वरकडचे मीठ मागे पडण्याची भीती होती. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे स्वतःच्या मुलखातल्या मिठाचा व्यापार बुडणार नाही, असा हुकूम आहे. दुसरे पत्र सप्टेंबर १६७६ चे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले. ज्या कुणब्याला बैल नाही, बियाणे नाही, पोटाला दाणा नाही, त्याला ते देऊन उभा करावा, वसुली सोसवेल तशी करावी, रयतेच्या वस्तूला हात लावू नये, असा त्याचा आशय. कर्नाटकाचा कौल याच्या नंतर एका वर्षाच्या आत दिला गेला.

ही पत्रे शेजारी ठेवली की कलमामागचा विचार दिसू लागतो. राज्याचे धन जमिनीत आहे आणि जमीन माणसावाचून पडीक. परक्या व्यापाऱ्याला व्यापार करू द्यावा, पण त्याच्या सोयीपुढे आपली रयत बुडू नये. मीठ असो की माणूस, मुलखाचे ते मुलखात राहावे. असे वाचले तर कलमाचे मूळ गुलामाच्या वेदनेत नसून रयतेच्या राज्यकारभारात आहे.

हे म्हणताना कलमाला कमी लेखायचा हेतू नाही. उलट त्यात एक विशेष आहे. कुडाळचा आगरी आणि प्रभावळीचा कुणबी हे जुने, आपल्या भाषेचे, आपल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या नात्यांचे लोक होते. कडलूरचा तमिळ मजूर तसा नव्हता. तो मुलूख जिंकून महिने लोटले होते, वर्षे नव्हे. त्याच्याकडून वसुली हवी होती. त्याची भाषाही फौजेतल्या बहुतेकांना येत नव्हती. तरीही धनीपण आल्याबरोबर तो रयत ठरला आणि रयतेला जे छत्र, ते त्याला मिळाले. जिंकलेल्या मुलखातली माणसे लूट न मानता रयत मानणे, ही त्या काळच्या युद्धनीतीत साधी गोष्ट नव्हती. सभासदाची बखर महाराजांच्या लष्कराच्या कायद्यांत परमुलखातल्या बायकापोरांना धरू नये असा नियम सांगते. ती बखर जिंजीतच, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

४

मग हे कलम जगाच्या इतिहासात कोणत्या रांगेत बसते? विल्बरफोर्सच्या रांगेत नाही. ती रांग वेगळी आहे आणि तिची सुरुवात, योगायोगाने, या कलमाच्या अकराच वर्षांनंतरची आहे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चार गृहस्थांनी गुलामगिरीविरुद्ध एक निषेधपत्र लिहिले. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा त्यांतला एक. लिहिणारे जर्मन-डच मुळाचे होते आणि क्वेकर पंथाच्या सभेपुढे त्यांनी ते ठेवले. त्यांचा युक्तिवाद साधा होता : आपल्याला कोणी धरून विकले तर आपल्याला कसे वाटेल? जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये. ते राजे नव्हते, त्यांच्या हाती शिपाई नव्हते, एकही जहाज अडवण्याची ताकद नव्हती. त्यांच्या पत्रावर वरच्या सभांनी निर्णय टाळला आणि त्या प्रांतातल्या क्वेकरांना आपापसांत गुलाम बाळगणे मना करायला १७७६ उजाडले. चळवळीची रांग म्हणतात ती ही : सत्ता नसलेल्यांनी विवेकाला केलेले आवाहन.

१६७७ चे कलम दुसऱ्या, अधिक जुन्या रांगेत आहे. आपल्या किनाऱ्यावरून माणसे नेणाऱ्या परक्या जहाजांना अडवू पाहणाऱ्या राजांची ती रांग. १५२६ मध्ये काँगोचा राजा पहिला अफोन्सो याने पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून तक्रार केली की तुमचे व्यापारी आमची माणसे, अगदी सरदारांची मुलेसुद्धा, पळवून नेतात आणि आमचा मुलूख ओस पडतो आहे. १५८७ मध्ये जपानच्या हिदेयोशीने जेझुइट प्रमुखाला जाब विचारला की पोर्तुगीज लोक जपानी माणसे विकत घेऊन बाहेर का नेतात, आणि परदेशात माणसे विकण्यास बंदी केली. या दोघांच्या शेजारी १६७७ चे कलम ठेवले की ते एकाएकी एकटे राहत नाही. त्याला कूळ सापडते.

या कुळाचे गुण एकसारखे आहेत. हाती सत्ता आहे म्हणून बंदीला धार आहे. आपली माणसे, आपला मुलूख, हा तिचा आधार आहे. आणि मर्यादाही एकसारखी आहे. अफोन्सोच्या राज्यात गुलाम होते आणि तो स्वतः त्यांचा व्यवहार करी. हिदेयोशीच्या फौजांनी १५९२ नंतरच्या कोरियावरील स्वाऱ्यांत हजारो माणसे धरून आणली आणि त्यांतली कितीतरी नागासाकीत विकली गेली. आपली माणसे बाहेर जाऊ नयेत, एवढेच म्हणणारी बंदी परक्या माणसाविषयी काही बोलत नाही, आणि घरातल्या गुलामाविषयी तर नाहीच. तमिळ रयतेला छत्र देणारे कलम या कुळात दोन पावले पुढे आहे. पण घराविषयीचे मौन तेच आहे.

५

त्या घरात कोण होते, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. मराठीत गुलाम हा शब्द अरबीतून आला, पण घरातल्या गुलाम स्त्रीसाठी दोन शब्द भाषेत नित्याचे झाले : बटीक आणि कुणबीण. सभासदाच्या बखरीतल्या ज्या लष्करी नियमांचा वर उल्लेख केला, त्यांतच फौजेबरोबर बटकी नेऊ नये असाही नियम आहे. तो शिस्तीचा नियम आहे. ज्या अर्थी नेऊ नये असे सांगावे लागते, त्या अर्थी बटकी होत्या.

कुणबीण हा शब्द अधिक अस्वस्थ करणारा आहे. कुणब्याची बायको, शेतकरी स्त्री, हा त्याचा सरळ अर्थ. दप्तरात मात्र तो शब्द विकत घेतलेल्या बाईसाठी येतो. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ आहे. भाषेत अशी घसरण उगाच होत नाही. दुष्काळात, कर्जात, स्वारीत जी बाई विकली गेली ती कुणब्याच्या घरातलीच बहुधा असणार, आणि तिच्या जातीचे नावच तिच्या अवस्थेचे नाव झाले. अठराव्या शतकातल्या पेशवे दप्तरात कुणबिणींची खरेदी आणि विक्री आहे, सरकारी कोठ्यांवर आणि किल्ल्यांवर त्यांची नेमणूक आहे, पळालेल्या कुणबिणीला परत आणण्याचे हुकूम आहेत, व्यभिचाराचा आरोप ठेवून बाईला कुणबीण करण्याची प्रकरणे आहेत आणि क्वचित एखादीला मोकळे केल्याचीही नोंद आहे. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने आणि नंतरच्या काही मराठी संशोधकांनी यावर काम केले आहे. ज्या राज्याचा धनी १६७७ मध्ये डचांना बायका विकत घेऊ नका असे सांगतो, त्याच राज्याच्या वारसांच्या दप्तरात शंभर वर्षांनी बायकांच्या किमती आहेत.

हे विसंगत वाटते, पण कलम नीट वाचले असेल तर वाटू नये. कलमाने जहाज अडवले होते, घर नाही. वखारीचे दार बंद केले होते, माजघराचे नाही. जहाजावर चढलेल्या माणसाची वाट परत फिरत नव्हती, म्हणून ते दार आधी बंद करणे मोलाचे होते. पण माजघरातल्या बाईला त्याने काही दिले नाही.

६

माजघराकडे वळणारे पुस्तक मराठीत १८७३ मध्ये आले. त्याच्या चार वर्षे आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला आणि त्यात महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले. कुळवाडी म्हणजे कुणबी. त्याच १८६९ मध्ये पोर्तुगिजांनी आपल्या सगळ्या वसाहतींत, म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यातही, गुलामगिरी कायद्याने रद्द केली. इंग्रजी मुलखात १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलाम म्हणून कोणाला मानायचे थांबवले होते. फुले तेव्हा सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे कुणबीण हा शब्द त्यांच्या पिढीने पुस्तकात वाचलेला नव्हता, कानाने ऐकलेला होता.

‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा तिथे व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका नेहमी जागतिक बंधुभावाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण तिच्यात एक वाङ्मयीन कृतीही आहे. गुलाम या शब्दाचा पत्ता तिने बदलला. तोवर मराठी वाचकासाठी गुलाम म्हणजे दूर अमेरिकेतला कोणी, किंवा कायद्याने नुकता संपलेला घरचा जुना प्रघात. फुल्यांनी तो शब्द धोंडीबाच्या आणि जोतीरावांच्या सोळा भागांच्या संवादात आणून गावात बसवला : शेतावर, देवळापुढे, भटाच्या पंचांगापुढे, सरकारी कचेरीत. कागदावर ज्याला कोणी विकत घेतलेले नाही, तोही गुलाम असू शकतो, हे त्यांचे म्हणणे.

या विस्तारावर आक्षेप घेता येतो. साखळदंड आणि रूढी यांना एकच शब्द लावला की प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बाईचे दुःख रूपकात विरून जाते, असे कोणी म्हणेल. आणि ‘गुलामगिरी’त कुणबिणीच्या विक्रीची कहाणी केंद्रस्थानी नाही, हे मान्य करावे लागते. तरी फुल्यांनी जे केले ते १६७७ च्या कलमाला जमण्यासारखे नव्हते. कलम धन्याच्या तोंडचे होते, मी आहे तोवर असे म्हणणारे. फुल्यांचे पुस्तक धनी नसलेल्याच्या तोंडचे आहे, आणि म्हणून त्याला मुदत नाही. जर्मनटाउनच्या चौघांचा सूर मराठीत पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे तिथे लागतो.

पवाडा आणि ‘गुलामगिरी’ ही एकाच लेखणीतून चार वर्षांच्या अंतराने उतरलेली पुस्तके आहेत. डच कागद मात्र साठ वर्षांनी, परक्या भाषेत छापला गेला. त्यामुळे मराठी वाङ्मयात दोन धागे वेगवेगळे राहिले. शिवचरित्रकारांना १६७७ चे कलम मिळाले, पण त्यांनी ते कुणबिणींच्या दप्तराशेजारी ठेवले नाही. फुल्यांच्या अभ्यासकांना अमेरिकेची अर्पणपत्रिका मिळाली, पण आपल्याच समुद्राने नेलेल्या माणसांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. एकाच विषयाची दोन टोके दोन कपाटांत राहिली.

ती शेजारी ठेवल्याने कोणाचेच काही कमी होत नाही. महाराजांना लिंकन ठरवण्याची गरज उरत नाही, कारण काँगो आणि जपानच्या राजांच्या पंक्तीत त्यांचे कलम अधिक नेमके, अधिक जाणकार आणि जिंकलेल्या परक्या रयतेलाही कवेत घेणारे ठरते. त्याला जकातीचा तपशील म्हणून झटकताही येत नाही. आणि किनाऱ्यावर ते थांबले, असे म्हणण्यात त्याचा अवमान नाही. थांबले त्या जागेपासून पुढचा रस्ता कोणी आणि कशाने चालायचा होता, हे त्यातून कळते.

आज कोकणच्या बंदरांतून आणि गावांतून माणसे कामासाठी समुद्रापलीकडे जातात, आणि बाहेरच्या मुलखातली माणसे आपल्या बागांत, चिरेखाणींत आणि ट्रॉलरवर कामाला येतात. त्यांतल्या कोणाचा पासपोर्ट धन्याच्या कपाटात आहे, कोणाची उचल फिटतच नाही, याची चौकशी करायला १६७७ चे कलम पुरेसे नाही. ते फक्त बाहेर जाणाऱ्या आपल्या माणसाविषयी बोलते. आत आलेल्या परक्या माणसाविषयी बोलायला फुल्यांचा विस्तारलेला शब्द लागतो. शिवजयंतीच्या व्याख्यानात हे कलम वाचून दाखवणाऱ्याने त्याच बैठकीत हा दुसरा प्रश्नही विचारावा. दोन कागद शेजारी ठेवून वाचण्याचा उपयोग तिथे आहे.